मोबाइल फोडून मार थांबतो का?

पत्र : उत्तर महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात, यजमानांचं हार्डवेअरचं दुकान आहे. घरात सासू-सासरे, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. मागच्या महिन्यात मुलाने शाळेमागच्या मैदानात वर्गातल्या एका मुलाला खाली पाडून लाथांनी मारलं. त्या मुलाचा ओठ फाटला, टाके घालावे लागले. तिसऱ्या एका मुलाने मोबाइलवर शूटिंग केलं, त्याला सिनेमातल्या हाणामारीचं संगीत लावलं आणि क्लिप वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून सांगितलं, "गेम आणि मारधाडीचे पिक्चर, दुसरं काही नाही." घरी आल्यावर यजमानांनी "त्याला पट्ट्याने दोन दिले" आणि मोबाइल आपटून फोडला. आता ते म्हणतात, केबल काढू, वायफाय बंद करू, पुढच्या वर्षी पोराला सैनिकी शाळेत टाकू. दीर म्हणतात, "आम्हीही असलेच पिक्चर बघत मोठे झालो, आम्ही कुठे खून केला?" संध्याकाळी घरात बातम्यांचा चॅनल आणि मग सासूबाईंची मालिका चालू असते. सासरे व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ नातेवाइकांना पाठवत असतात. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. मुलगा गप्प आहे. एकदाच म्हणाला, "त्याने आईवरून शिवी दिली. मग सोडायचं कसं?" ताईंचा प्रश्न असा : टीव्ही-मोबाइलमुळे मुलं खरंच हिंसक होतात का, आणि होत असतील तर घरातलं नेमकं काय बंद करायचं?

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी मला एक विचारायचं आहे. ज्या मुलाला टाके पडले तो आता कसा आहे? तुमच्या पत्रात गेम आहेत, पिक्चर आहेत, केबलचं बिलसुद्धा आहे, पण त्या मुलाच्या घरी कुणी जाऊन आलं का, याबद्दल एक ओळ नाही. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. स्वतःच्या पोराची काळजी लागली की दुसऱ्याचं पोर नजरेआड होतं, कुठल्याही आईचं होईल. पण त्याच्याकडे जाणं बाकीच्या सगळ्या उपायांच्या आधी यायला हवं, म्हणून आधी तेच सांगते.

या आठवड्यात त्याच्या घरी फोन करा. आलो तर चालेल का, असं विचारा आणि होकार आला तर तुम्ही दोघं मुलाला बरोबर घेऊन जा. दवाखान्याचा खर्च किती झाला ते विचारा आणि द्या. मुलाकडून माफीची वाक्यं पाठ करून घेऊ नका. त्याला नुसतं त्या मुलासमोर, त्या मुलाच्या आईसमोर बसू द्या. टाके पडलेल्या ओठाने जेवता येत नाही, वर्गात हसं होतं, आई रात्री उठून बघते, या गोष्टी कुठल्याच क्लिपमध्ये नसतात आणि त्याला त्या कळायला हव्यात. त्या घरातून दोन कडक शब्द ऐकावे लागले तर ऐकून घ्या. शिवी त्यांच्या मुलाने दिली होती, हा विषय त्या दिवशी काढू नका.

क्लिपचंही बघा. वर्गशिक्षकांना लेखी विनंती करा की ग्रुपमधल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना बोलावून ती डिलीट करून घ्यावी. ती जोवर फिरते आहे तोवर तो मुलगा रोज नव्याने मार खातो आहे, आणि तुमचा मुलगा रोज नव्याने त्या गावचा हिरो होतो आहे. हे दुसरं पहिल्याइतकंच घातक आहे. ते का, ते पुढे सांगते.

आता तुमचा प्रश्न. पडद्यावरची हिंसा पाहून मुलं हिंसक होतात का?

यावर साठ वर्षांहून जास्त काळ संशोधन चालू आहे. त्याची सुरुवात बहुतेक जण एका बाहुलीपासून सांगतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1961 मध्ये 72 मुलांवर एक प्रयोग केला. हवा भरलेली, पाडली तरी पुन्हा उभी राहणारी एक मोठी बाहुली होती. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने ती बुकलून काढली, हातोडीने मारली, वर तोंडाने काहीबाही बोलत राहिला. नंतर त्या मुलांना बाहुलीजवळ सोडलं तेव्हा त्यांनीही तशीच मारली, कित्येकांनी तेच शब्द बोलत. दोन वर्षांनी हाच प्रकार फिल्मवर दाखवला, तरीही मुलांनी नक्कल केली. "बघा, टीव्हीने पोरं बिघडतात" असं म्हणणारे सहसा इथे थांबतात.

पण बंडुरा थांबला नाही. 1965 मध्ये त्याने पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि मला या सगळ्या संशोधनात तोच सर्वांत मोलाचा वाटतो. या वेळी फिल्मचे शेवट तीन होते. एकात मारणाऱ्याला खाऊ आणि शाबासकी मिळाली, दुसऱ्यात त्याला चांगलं खडसावलं गेलं, तिसऱ्यात काहीच झालं नाही. ज्यांनी मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं की जे पाहिलं ते करून दाखवा, बक्षीस देऊ. तेव्हा हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे मारायचं कसं, हे सगळ्याच मुलांनी शिकून घेतलं होतं. शिकलेलं वापरायचं की नाही, हे मात्र मारणाऱ्याचं पुढे काय झालं, यावर ठरत होतं.

या प्रयोगांवर आक्षेपही आहेत. बाहुली मारण्यासाठीच बनवलेली, तिला लागत नाही, आणि प्रयोगशाळेतला अर्धा तास म्हणजे आयुष्य नव्हे. हे आक्षेप मला मान्य आहेत. तरीही तुमच्या घरातल्या प्रसंगाकडे बघायला हा प्रयोग उपयोगी पडतो. तुमच्या मुलाने जे केलं त्याला वर्गाच्या ग्रुपवर काय मिळालं? वर संगीत लागलं, म्हणजे बक्षीस मिळालं. खाली अंगठे आणि आगीच्या इमोजी आल्या असतील तर तेही बक्षीसच. इतकी पोरं आजूबाजूला उभी असताना एकानेही "अरे, बास" म्हटलं नाही, हे तर सर्वांत मोठं. म्हणून क्लिप काढून टाकणं मी केबलच्या आधी सांगितलं.

गेमबद्दल थोडक्यात सांगते. 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या हजारभर ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक गेम खेळणं आणि मुलांचं आक्रमक वागणं यांत त्यांना संबंध आढळला नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेने म्हटलं की अशा गेमचा आरडाओरड, ढकलाढकली यांच्याशी थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणून मुख्याध्यापकांच्या बोलण्यातला "दुसरं काही नाही" हा भाग मला पटत नाही. रात्री दीडपर्यंत गेम खेळून सकाळी चिडचिड होत असेल, अभ्यास बुडत असेल, तर त्यासाठी वेळ आवरा. ते वेगळं कारण आहे आणि पुरेसं आहे.

मग दिरांचं खरं का? तेही अर्धंच. "आम्ही कुठे खून केला?" हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण खून हे मोजमाप फार वरचं झालं. सिनेमा पाहून सहसा कुणी सुरा घेऊन निघत नाही. माध्यमांचा परिणाम बराच आधी, बराच शांतपणे होतो : कुणाला मारलं तर "बरंच झालं" असं वाटतं, त्या यादीत. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-पुरुषांना विचारलं होतं की न विचारता बाहेर जाणं, मुलांकडे दुर्लक्ष, सासू-सासऱ्यांचा अनादर अशा कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी योग्य आहे, असं देशातल्या 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी सांगितलं. यांतल्या फारच थोड्यांनी कुणावर हत्यार उगारलं असेल. पण शेजारच्या घरातून आवाज आला तर हे लोक काय करतील, त्याचा विचार करा.

आणि याच ठिकाणी पडदा उलटंही काम करतो, हे विसरू नका. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारचा गोवा इथल्या कुटुंबांची माहिती त्यात होती. ज्या गावांत त्या काळात नवीन केबल आली, तिथल्या बायकांमध्ये "नवऱ्याने मारलं तर चालतं" असं म्हणण्याचं प्रमाण घटलं. मुलगाच हवा, हा आग्रहही कमी झाला. ज्या मालिकांना आपण नावं ठेवतो, त्यांत स्वतःचे पैसे कमावणारी, घराबाहेर वावरणारी, उलट बोलणारी बाई त्या गावांतल्या बायकांना दिसली होती. त्यामुळे केबल काढण्याच्या आधी तिच्यातून काय काय येतं याचा हिशोब मांडा. तुमची पाचवीतली लेक आजीजवळ बसून मालिका बघते ना? तीही त्यातून काही घेत असेल. वाईट घेत असेल आणि चांगलंही.

आता मी अशा गोष्टीकडे येते जी तुमच्या पत्रात तक्रार म्हणून आलेलीच नाही. सासऱ्यांच्या फोनवरचे व्हिडिओ.

ताई, तुम्ही त्याच भागातल्या आहात. राईनपाडा तुम्हाला आठवत असेल. धुळे जिल्हा, साक्री तालुका, 1 जुलै 2018, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे भिक्षा मागायला आली होती. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरणारा हा समाज. त्या दिवसांत पोरं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज आणि व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. बाजारातल्या लोकांना या पाच जणांचा संशय आला. त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांचा जीव घेतला. ते होत असताना लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. त्याचे व्हिडिओ पुन्हा त्याच फोनांवर फिरले.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ असा होता : मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं एक मूल उचलून पसार होतात. मूळचा तो कराचीतला, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी केलेला व्हिडिओ. त्याच्या शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला भाग पुढे पाठवला. त्यात रक्त नाही, मारहाण नाही. लहान मुलांना दाखवू नका असं कुठलाही सेन्सॉर त्यावर लिहिणार नाही. तरी माणसं मारली गेली, कारण त्या व्हिडिओने "मारायला हरकत नाही" अशा लोकांच्या यादीत एक नवा माणूस घातला : आपल्या गावात आलेला अनोळखी माणूस. फिरस्ती, भिक्षेकरी, वेगळी भाषा बोलणारी माणसं त्या यादीत सगळ्यांत आधी बसतात, कारण त्यांच्या बाजूने बोलायला गावात त्यांचं कुणी नसतं.

आफ्रिकेतल्या रवांडा देशात 1994 मध्ये जो नरसंहार झाला, त्यात एका रेडिओ केंद्राचा मोठा हात होता. त्यावरून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना झुरळं म्हटलं जात होतं आणि तेच मोठ्या संख्येने मारले गेले. पुढे 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरवलं. रेडिओवर तर चित्रच नसतं, फक्त आवाज. म्हणून मी म्हणते की पडद्यावर रक्त किती सांडलं हे मोजत बसू नका. मार कुणाला पडतो आणि तो पडल्यावर आपल्याला बरं वाटावं म्हणून काय काय केलेलं आहे, तिकडे लक्ष द्या.

राईनपाड्याच्या त्याच दिवशी मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं. त्यांच्याबरोबर लहान मूल होतं. अफवा तीच होती. तिथे पोलिस वेळेत मध्ये पडले आणि ते कुटुंब वाचलं. मेसेज दोन्हीकडे पोहोचला होता, पण तो पोहोचल्यानंतर काय होणार हे तिथल्या माणसांवर ठरलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबद्दल राज्यांना सविस्तर निर्देश दिले. ते गरजेचंच होतं. पण तुमच्या सासऱ्यांना तो पाचातला एक नातेवाईक निवडताना थांबवेल असं घरातलं माणूस तुम्हीच आहात.

त्यांना कसं सांगायचं? मोठ्यांना "फेक न्यूज पाठवू नका" असं सुनेने म्हटलेलं रुचत नाही आणि वाद होतो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. "दादा, हे कुठल्या गावचं? कधीचं?" (तुमच्याकडे त्यांना जे म्हणत असतील ते म्हणा.) ज्या व्हिडिओला गाव नाही आणि तारीख नाही, तो पुढे जाणार नाही, एवढा एकच नियम घरात सगळ्यांसाठी करा आणि नातवाकडून पाळून घेण्याची जबाबदारी आजोबांवर सोपवा. मान राहतो आणि काम होतं.

बातम्यांच्या चॅनलबद्दलही तेच. जॉर्ज गर्बनर हे अमेरिकेतले संशोधक 1960 च्या दशकापासून टीव्हीवरची हिंसा मोजत होते. त्यांना दिसलं की खूप टीव्ही बघणारी माणसं जगाला, ते आहे त्याहून जास्त धोक्याचं समजायला लागतात. ही माणसं हिंसक होतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं, ती घाबरट होतात असं होतं. आणि घाबरलेल्या माणसाला कुणालातरी ठेचून काढणं रास्त वाटायला लागतं, हे आपण आपल्या आजूबाजूला बघतोच. रात्रीच्या जेवणाला चॅनल बंद ठेवा. बातम्या सकाळच्या पेपरात वाचा. त्यात ओरडणारं कुणी नसतं.

आता मला अवघड वाटणाऱ्या भागाकडे येते. "त्याला पट्ट्याने दोन दिले." तुमच्या पत्रात हे अर्ध्या वाक्यात आलं आहे, जणू हात धुतले आणि जेवायला बसलो. मुख्याध्यापकांनी सांगितलेली सगळी कारणं तुम्ही तपासून पाहता आहात. हे का नाही?

त्या संध्याकाळी तुमच्या मुलाने जे पाहिलं ते त्याच्या बाजूने मांडून बघते. वर्गातल्या मुलाने त्याचा अपमान केला, त्याने त्याला मारलं. त्याने घराण्याची लाज काढली, वडिलांनी त्याला मारलं. दोन्ही ठिकाणी मारणारा म्हणाला, याने कामच तसं केलं. दोन्ही ठिकाणी मार खाणारा मारणाऱ्याहून दुबळा होता. बाकीचे उभे राहून बघत होते. गेम आणि सिनेमा यांतला माणूस त्याला मिठी मारत नाही, त्याची फी भरत नाही. वडील भरतात. म्हणून वडिलांचं वागणं त्याच्यात कितीतरी खोल जातं. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा कमी न होता वाढलेला दिसतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. जे मास्तरांना करता येत नाही ते आपण घरी करतो आणि त्याला वळण लावणं म्हणतो.

तुमचे यजमान दुष्ट आहेत असं मला मुळीच वाटत नाही. मुलाच्या शाळेतून बोलावणं येणं ही तालुक्याच्या गावात दुकान चालवणाऱ्या माणसासाठी केवढी मानहानी आहे, ते मला कळतं. ते घाबरले आहेत. त्यांना बहुधा त्यांच्या वडिलांनीही असंच मारलं असेल. त्यांच्याशी बोलताना "तुम्ही मारता म्हणून तो मारतो" असं तोडून बोलू नका. दुकान बंद झाल्यावर, मुलं झोपल्यावर, विचारा : "तुम्हाला लहानपणी मार बसायचा तेव्हा मनात काय यायचं?" बरेच बाप या प्रश्नावर गप्प होतात आणि मग बोलतात. त्यानंतर एवढंच ठरवा की या घरात आता कुणीच कुणाला मारायचं नाही, आणि हे मुलासमोर वडिलांनीच सांगावं. मोबाइल फोडला ते चुकलं, असंही त्यांनी म्हटलं तर मुलाच्या मनावर त्याचा परिणाम दहा व्याख्यानांहून जास्त होईल.

इथे एक विचारते, पत्रात उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. तो पट्टा किंवा हात कधी तुमच्यावर उठला आहे का? उठत असेल तर हा सगळा विषय मुलाच्या मोबाइलचा राहत नाही. घरातल्या हिंसेविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने तुम्हाला संरक्षण आहे, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो, 181 हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. हे वाचणाऱ्या इतर बायकांसाठीही लिहिते आहे.

मुलाशी बोलायचं ते त्या एका वाक्यावर. "आईवरून शिवी दिली, मग सोडायचं कसं?" हा खरा प्रश्न आहे आणि त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. मैदानात दहा पोरं बघत असताना, तुझ्या आईबद्दल घाण बोललं गेलं असताना, न मारता परत यायचं तर काय करायचं? चौदा वर्षांच्या मुलाला ते येत नाही. त्याने पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक कथेत अशा वेळी नायक मारतोच आणि न मारणारा भित्रा ठरतो. आणि शिवी तुमच्यावरून होती, त्यामुळे त्याला सोडवण्याचा अधिकार सगळ्यांत जास्त तुमचा आहे. त्याला सांगा : "त्याच्या शिवीने माझं काही गेलं नाही. तू कुणाचा ओठ फाडलास, त्याने मला लाज वाटली." मग दोघं मिळून पर्याय शोधा. निघून येणं, मोठ्याने "हे मी सरांना सांगणार" म्हणणं, मित्राला ओढून बाजूला नेणं. बोलून दाखवायला लावा, सराव करा. त्याला सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या.

पिक्चर बंद करू नका, एकटं बघणं कमी करा. 2023 च्या कायद्यानंतर सिनेमाच्या यूए प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 अशा वयाच्या पायऱ्या आल्या आहेत. ओटीटीवरही 2021 च्या नियमांनुसार वयाचा शिक्का असतो आणि पालकांना कुलूप लावता येतं. ते लावा, मुलीच्या प्रोफाइलवर तर नक्की. पण नववीतला मुलगा कुलूप उघडेल, हे धरूनच चाला. त्याच्याबरोबर बसून त्याच्या आवडीचा मारधाडीचा पिक्चर बघा आणि संपल्यावर एकच विचारा : "ज्याला हिरोने पंख्याला टांगलं, त्याच्या घरी कोण कोण असेल रे?" उपदेश करू नका. प्रश्न विचारून भाजी चिरायला निघून जा.

नवा फोन लगेच देऊ नका, पण कधीच देणार नाही असंही म्हणू नका. कोणत्या अटींवर, किती तारखेला, हे कागदावर लिहा. रात्री घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागतील, यजमानांचाही आणि तुमचाही. फक्त मुलावर लावलेला नियम तो शिक्षा समजेल.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नका : मुक्या जनावरांना छळणं, दप्तरात चाकू किंवा फायटर सापडणं, झोप पार उडणं, ठरवून कुणाला गाठण्याची भाषा, स्वतःला इजा करणं. अशा वेळी 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मुलांच्या कुठल्याही अडचणीसाठी 1098 आहे. आणि शाळेला विचारा की शूटिंग करणाऱ्या मुलाशी आणि बघत उभ्या राहिलेल्या मुलांशी कुणी बोललं का. मुख्याध्यापकांनी फक्त तुमच्या मुलाला बोलावलं असेल तर त्यांचं काम अजून अर्धं राहिलं आहे.

राहिली सैनिकी शाळा. चांगल्या शाळा आहेत आणि तिथे जायचं स्वप्न बघणारी मुलं तिथे फुलतात. पण शिक्षा म्हणून पाठवलेल्या मुलाला आपल्याला घरातून काढलं एवढंच कळतं, आणि ज्या वयात त्याला वडिलांशी बोलायला शिकायचं आहे त्या वयात वडील महिन्यातून एकदा भेटणारे पाहुणे होतात. शिवाय दहावीच्या तोंडावर शाळा, मित्र आणि शिक्षक एकदम बदलणं कुठल्याच मुलाला सोपं जात नाही. यंदा अर्ज भरू नका. दहावीनंतर त्याने स्वतः मागितलं तर बरोबर जाऊन शाळा बघून या, आणि मग तिघांनी मिळून ठरवा.